पासवर्ड बंद केला, तरी दार उघडंच: रिमोट लॉगिनचं परत परत येणारं दुखणं

तक्रार तीनपैकी एका रूपात येते. सर्व्हरवर पासवर्डने लॉगिन बंद केलं, सेवा रीस्टार्ट केली, तरी लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, ‘फेल्ड पासवर्ड’च्या ओळी रात्रभर पडतच आहेत. किंवा दुकानातल्या विंडोजवर सकाळी लॉगिन करायला गेलं की खातं लॉक झाल्याचा निरोप, दहा मिनिटं थांबा, पुन्हा तेच. किंवा सगळं नीट करून दिलेलं असतं आणि पावसात राउटर बदलल्यावर महिन्याभरात जुनं दुखणं परत. म्हापसा, डिचोली, फोंडा, साखळी, कुठूनही फोन आला तरी शेवटी एकच गोष्ट सापडते. आपण बदललेली सेटिंग कागदावर असते आणि यंत्र चालत असतं कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर.

खाली आज्ञा आणि सेटिंगची नावं उच्चारल्याप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाईप करताना अर्थातच मुळाप्रमाणे इंग्रजी अक्षरांत करायची.

पहिलं काम: बाहेरून दार ढकलून बघा

फाईल उघडण्याआधी हे करा. लॅपटॉप घरच्या किंवा ऑफिसच्या वायफायवरून काढा आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडा. आतून तपासलं तर उत्तर फसवं येतं. स्वतःच्याच वायफायवर बसून स्वतःचाच बाहेरचा पत्ता उघडायला गेलात तर काही राउटर रस्ता देतात, काही देत नाहीत, आणि दोन्ही वेळा बाहेरच्या माणसाला काय दिसतं ते कळत नाही.

आता एसएसएचला, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करणाऱ्या प्रोग्रामला, बजावा की माझी की-फाईल (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाईल) वापरू नकोस, फक्त पासवर्डने प्रयत्न कर. आज्ञा अशी: ‘एसएसएच -ओ पबकीऑथेंटिकेशन=नो -ओ प्रिफर्डऑथेंटिकेशन्स=पासवर्ड,कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह’ आणि पुढे तुमचं खातं व सर्व्हरचा पत्ता. पासवर्ड विचारला तर दार उघडं आहे, फाईलमध्ये काहीही लिहिलेलं असो. ‘परमिशन डिनाईड’ आलं तर त्याच्या पुढचा कंस वाचा. सर्व्हर कोणकोणत्या पद्धती स्वीकारतो ते त्या कंसात तो स्वतःच सांगतो. फक्त ‘पब्लिक-की’ असेल तर काम झालं. शेजारी ‘पासवर्ड’ किंवा ‘कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह’ दिसलं तर नाही झालं. या कंसाकडे फारच थोडे लोक बघतात, म्हणून आग्रहाने सांगतोय: लॉगिन झालं नाही याचा अर्थ पासवर्ड बंद आहे असा होत नाही, तुमचा पासवर्ड चुकला असेल.

हे सॉफ्टवेअर जन्माला आलं तेच पासवर्डच्या चोरीतून. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी जाळ्यावरून जाणारे पासवर्ड टिपून घेतले. तेव्हा सर्रास चालणाऱ्या टेलनेट या रिमोट लॉगिनच्या पद्धतीत ते उघडेच प्रवास करायचे. त्यानंतर तिथल्याच तातू यलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. वाटेतला प्रवास त्यामुळे सुरक्षित झाला. पण दारावर उभं राहून हजार पासवर्ड आपटून बघणाऱ्याला अडवणं हे त्याचं काम नव्हतं, आणि आज सगळीकडे चालणाऱ्या ओपनएसएसएचमध्ये पासवर्डने लॉगिन ही गोष्ट अजूनही मुळात चालूच येते. कारण समजण्यासारखं आहे. पहिल्यांदा आत जाऊन की-फाईल ठेवायला काहीतरी वाट लागते. अडचण एवढीच, की ती वाट काम झाल्यावर कुणी बुजवत नाही.

फाईल बरोबर, तरी उपयोग शून्य

साखळीच्या एका मित्राचा होमस्टे आहे. बुकिंगची साईट भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर, उबुंटू या लिनक्स प्रणालीवर. त्याने मला फाईल दाखवली तेव्हा मला काहीच खोट दिसेना. एसएसएचडी, म्हणजे सर्व्हरवर चालणारी एसएसएचची सेवा, तिच्या कॉन्फिगच्या फाईलमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ स्वच्छ लिहिलेलं, ओळ निष्क्रिय ठेवणारा पुढचा हॅश (#) काढलेला. ‘तू सांगितलंस तसं सगळं केलं रे, तरी हे काय?’ म्हणून त्याने लॉग उघडला. रात्री पावणेदोनची नोंद. रूट, रूट, ॲडमिन, पाय, ओरॅकल, पोस्टग्रेस, टेस्ट, उबुंटू, परत रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं मुख्य खातं. प्रत्येक ओळीत ‘फेल्ड पासवर्ड’, दोन-तीन सेकंदांच्या अंतराने, पत्ते वेगवेगळ्या देशांतले. त्यातला ‘पाय’ हा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा जुना ठरलेला खातेदार. त्याचा पासवर्डही ‘रास्पबेरी’ असाच ठरलेला असे. ते खातं बनवणाऱ्यांनी एप्रिल २०२२ मध्ये काढून टाकलं, पण दार ठोठावणाऱ्या यंत्रांच्या यादीतून ते गेलेलं नाही.

खोट होती ती फाईलच्या सगळ्यात वरच्या ओळीत. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणाली मुख्य फाईलच्या डोक्यावर ‘इन्क्लूड’ची ओळ टाकतात, आणि ती ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ या फोल्डरमधल्या ‘.कॉन्फ’ने संपणाऱ्या सगळ्या फाईली आधी वाचायला लावते. त्या फोल्डरात ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची फाईल बसलेली होती. भाड्याचा सर्व्हर घेताना पासवर्डचा पर्याय निवडला की ती आपोआप तयार होते, आणि तिच्यात एकच ओळ असते: ‘पासवर्डऑथेंटिकेशन येस’. ओपनएसएसएचचा नियम असा, की एकाच सेटिंगची दोन मूल्यं सापडली तर पहिलं सापडलेलं खरं धरायचं. बहुतेक प्रोग्रामांत शेवटचं मूल्य चालतं, म्हणून माणूस हमखास फसतो. खालच्या फाईलमधलं माझ्या मित्राचं ‘नो’ कुणी वाचतच नव्हतं.

उपाय म्हणून ती ५० आकड्याची फाईल हाताने बदलू नका. सर्व्हरची नवी प्रत उभी केली की ती पुन्हा लिहिली जाऊ शकते. त्याच फोल्डरात स्वतःची एक फाईल करा आणि तिचं नाव ‘००’ ने सुरू करून ‘.कॉन्फ’ने संपवा, म्हणजे अनुक्रमाने ती सगळ्यांच्या आधी वाचली जाईल. तिच्यात तीन ओळी पुरतात: पासवर्डऑथेंटिकेशन नो, केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशन नो, आणि परमिटरूटलॉगिन नो. दुसरी ओळ विसरू नका. पासवर्डची पहिली वाट बंद केली तरी ‘कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह’ या दुसऱ्या वाटेने तोच पासवर्ड चालतो. डेबियन-उबुंटू ती बंद करून देतात, पण ओटीपीची सोय करताना कुणीतरी ती उघडलेली असते, किंवा फाईल साफ करताना ती ओळच उडालेली असते, आणि ओळ नसली की मूळचं ‘येस’ लागू होतं.

रूटबद्दल: २०१५ च्या ७.० आवृत्तीपर्यंत ओपनएसएसएचमध्ये रूटला पासवर्डने थेट प्रवेश मुळातच खुला होता. त्या आवृत्तीपासून रूटला पासवर्ड चालेनासा झाला. तरीही सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांच्या तयार प्रतींमध्ये ते पुन्हा ‘येस’ करून ठेवलेलं मी अनेकदा पाहिलंय, तेव्हा आवृत्ती नवी आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

आणखी एक सापळा. मुख्य फाईलच्या शेवटी ‘मॅच’ने सुरू होणारा भाग असेल आणि त्याच्याखाली तुम्ही तुमची ओळ चिकटवली, तर ती फक्त त्या ‘मॅच’पुरती लागू होते. दिसायला ओळ आहे, कामाला नाही.

प्रत्यक्षात काय लागू होणार हे विचारायची सोय आहे: ‘सुडो एसएसएचडी -टी’, यातला टी मोठ्या लिपीतला. सगळ्या फाईली एकत्र करून उरलेलं अंतिम उत्तर ती छापते. मित्राच्या सर्व्हरवर ही आज्ञा चालवली आणि ‘पासवर्डऑथेंटिकेशन येस’ अशी ओळ समोर आली तेव्हा तो दोन मिनिटं गप्पच होता. सहा महिने त्याला वाटत होतं की दार बंद आहे. मात्र ही आज्ञासुद्धा डिस्कवरच्या फाईली वाचते. चालू असलेली सेवा जुन्याच सेटिंगवर असू शकते. म्हणून रीस्टार्ट, आणि त्यानंतर पुन्हा मोबाईलवरून ती बाहेरची तपासणी.

स्वतःला बाहेर कोंडून घेऊ नका, त्यासाठी क्रम पाळा. उघडी असलेली खिडकी उघडीच ठेवा, चालू जोडणी रीस्टार्टने तुटत नाही. की-फाईलने आत जाता येतं याची आधी खात्री करा. छोट्या ‘टी’ची ‘एसएसएचडी -टी’ चालवून व्याकरण तपासा. मग रीस्टार्ट. मग दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन. ते जमल्याशिवाय पहिली खिडकी बंद करायची नाही. की-फाईल असूनही नकार आला तर बहुधा परवानग्यांचा घोळ असतो: ‘.एसएसएच’ फोल्डरला ७००, ‘ऑथोराइज्ड_कीज’ला, म्हणजे मान्य की-फाईलींच्या यादीला, ६००, आणि घरच्या फोल्डरवर इतर कुणाला लिहिण्याची मुभा नको. ती असेल तर सर्व्हर न बोलता की-फाईल नाकारतो.

दार बंद केल्यावर लॉग शांत होईल अशी अपेक्षा ठेवू नका. ठोठावणं चालूच राहतं, ओळींचं रूप बदलतं. ‘फेल्ड पासवर्ड’ जवळजवळ नाहीसं होतं आणि ‘कनेक्शन क्लोज्ड’, शेवटी ‘प्रीऑथ’, अशा ओळी उरतात. त्यांनी घाबरण्याचं कारण नाही.

फेल२बॅन आहे, तरी थांबत नाही

फेल२बॅन म्हणजे लॉग वाचून वारंवार चुकणारे पत्ते अडवणारा प्रोग्राम. इथे दोन गोष्टी बघायच्या. पहिली, मूळ सेटिंगप्रमाणे दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की तो पत्ता दहा मिनिटांपुरता अडवला जातो. दहाच मिनिटं. यंत्राला घाई नसते, ते अकराव्या मिनिटाला परत येतं. बंदीचा काळ एक दिवसाचा तरी करा आणि वारंवार येणाऱ्याचा काळ वाढत जाईल अशी सोय चालू करा. दुसरी, डेबियन १२ पासून जुन्या पद्धतीची ‘ऑथ.लॉग’ फाईल मुळात तयारच होत नाही, नोंदी सिस्टिमडी या लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या जर्नलमध्ये जातात. डेबियन १२ वर फेल२बॅन ती फाईल शोधतो, सापडत नाही, आणि सुरूच होत नाही. कॉन्फिगमध्ये ‘बॅकएंड’ला ‘सिस्टिमडी’ द्या आणि ‘स्टेटस’ विचारून तो जिवंत आहे ना ते बघा.

पोर्ट, म्हणजे सेवेच्या दाराचा क्रमांक, बदलणाऱ्यांसाठी: एसएसएचचा २२ काढून वेगळा आकडा दिल्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, सुरक्षा वाढत नाही. तरी करायचंच असेल तर उबुंटूवर २२.१० पासून दारावर एसएसएचऐवजी सिस्टिमडीचं सॉकेट ऐकत बसलेलं असतं, म्हणून कॉन्फिगमध्ये पोर्ट बदलून फक्त एसएसएच सेवा रीस्टार्ट केली तर जुनाच पोर्ट उघडा राहतो. २४.०४ वर आधी ‘सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड’, मग ‘एसएसएच.सॉकेट’ रीस्टार्ट. नवा पोर्ट फायरवॉलमध्ये आधी उघडला नसेल तर तुम्ही बाहेर.

विंडोजवर खातं सारखं लॉक होतंय

याबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण गोव्यात लहान व्यापाऱ्यांचं नुकसान इथूनच होताना मी पाहिलंय.

फोंड्याला एक घाऊक मालाचं दुकान. टॅली दुकानातल्या संगणकावर, आणि हिशेब बघणारी मुलगी संध्याकाळी घरून रिमोट डेस्कटॉपने आत येऊन नोंदी करायची. त्यासाठी कुणीतरी राउटरमधून ३३८९ हा पोर्ट थेट त्या संगणकाकडे वळवून दिला होता. चवथीला दुकान पाच दिवस बंद. सहाव्या दिवशी शटर वर केलं, मॉनिटर चालू केला, आणि टॅलीच्या फोल्डरातल्या प्रत्येक फाईलच्या नावामागे एक अनोळखी शेपूट लागलेलं. डेस्कटॉपवर एक मजकुराची फाईल, पैसे कुठे भरायचे ते सांगणारी. बॅकअपची हार्डडिस्क कायम संगणकाला लावलेलीच असायची, तिच्यातलंही सगळं गेलं. मला बोलावलं तेव्हा मी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. सुरक्षेच्या लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या नोंदी, म्हणजे फसलेलं लॉगिन, एकामागून एक हजारोंनी. त्यांच्या मध्ये पहाटेच्या वेळी एक ४६२४. यशस्वी लॉगिन. खात्याचं नाव टॅली, पासवर्ड टॅली१२३.

दुकानाच्या सीएकडे तीन महिन्यांपूर्वीची प्रत होती. पुढचे तीन महिने बिलांचे गठ्ठे जमिनीवर पसरून, एकेक बिल उचलून, ती मुलगी आणि मालकांची सून पुन्हा नोंदी करत बसलेल्या मी पाहिल्यात. ते दृश्य डोळ्यांसमोर आहे म्हणून ‘आमच्यात काय आहे चोरायला?’ असं कुणी म्हणालं की मी गप्प बसत नाही. चोरायला काही लागत नाही. अडवून धरलं की पुरतं.

लॉकचं दुखणं आणि हा हल्ला एकाच झाडाची फळं. जुन्या विंडोजवर मूळ सेटिंगप्रमाणे पासवर्ड कितीही वेळा चुकला तरी खातं लॉक होत नसे, मर्यादेचा आकडा शून्य असायचा. फोंड्याच्या त्या संगणकावर तेच होतं. म्हणून यंत्राला रात्रभर शब्द आपटत बसता आलं आणि कुणाला पत्ताही लागला नाही. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या संगणकावर दहा चुकांनंतर दहा मिनिटांसाठी खातं लॉक होतं. म्हणजे तुम्हाला लॉकचा निरोप येतोय तो संगणकाचा बिघाड समजू नका. बाहेरून कुणीतरी ठोठावतंय आणि संगणक ते तुमच्या कानावर घालतोय. यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे मर्यादा पुन्हा शून्य करणे. हे कृपया करू नका. निरोप बंद होईल, ठोठावणारा मोकळा सुटेल.

मुळावरचा उपाय म्हणजे ३३८९ इंटरनेटवरून बंद करणे. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग काढा. ३३९० केला म्हणून भागत नाही, शोधणारी यंत्रं सगळे पोर्ट चाळतात. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (एनएलए), म्हणजे पडदा उघडण्याआधीच ओळख तपासण्याची सोय, चालू ठेवा; नव्या विंडोजवर ती मुळात चालू असते, पण जुन्या मशीनवरून जोडणी होईना म्हणून कुणीतरी खूण काढून टाकतं. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप ही खोट उघड झाली तेव्हा पासवर्डशिवायच आत शिरता येत होतं, आणि मायक्रोसॉफ्टने पाठिंबा संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली होती. एनएलए चालू असलेल्यांवर तेव्हा लॉगिन नसलेल्या परक्याला थेट हात टाकता येत नव्हता.

मग घरून काम कसं करायचं? मध्ये व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा बंदिस्त खाजगी रस्ता, टाका. मी वायरगार्ड नावाचा व्हीपीएन बसवतो. ओळख न पटलेल्याला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला तिथे काही आहे हेच दिसत नाही. रोजच्या कामाचं खातं ॲडमिनिस्ट्रेटर नको, आणि रिमोटची परवानगी ज्याला लागते त्या एकाच खात्याला द्या, कारण रिमोट डेस्कटॉप चालू केला की ॲडमिनिस्ट्रेटर गटातले सगळेच आपोआप आत येऊ शकतात.

राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने अनेक गिऱ्हाइकांत बाहेरचा एकच पत्ता वाटून दिलाय. अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही, आणि थेट वायरगार्डही नाही. तिथे दोन्ही टोकांनी बाहेरच्या बाजूला जोडणी करणारी टेलस्केलसारखी सोय लागते. पण सीजीनॅट आहे म्हणून आपण झाकलेले आहोत असं धरून चालू नका. जिओसारख्या जोडणीवर आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, असतं, आणि त्या पत्त्यावर तुमचा संगणक बाहेरून सरळ गाठता येऊ शकतो. मध्ये फक्त राउटरची फायरवॉल असते. लिनक्सवर हाताने लिहिलेले आयपीटेबल्स या फायरवॉलचे नियम आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीपुरतेच असतात, सहाचं दार तसंच राहतं. बाहेरची तपासणी दोन्ही पत्त्यांवर करा.

राउटर बदलला आणि सगळं परत आलं

आपल्याकडे मेच्या अखेरीस वळवाचा पाऊस आणि ऑक्टोबरात परतीचा, दोन्ही वेळा विजा कडाडतात आणि राउटर जळतात. नवा राउटर येतो तो कारखान्याच्या सेटिंगसह: ॲडमिनचा पासवर्ड खालच्या चिठ्ठीवर छापलेला किंवा ‘ॲडमिन’च, आणि यूपीएनपी चालू. यूपीएनपी म्हणजे आतल्या कुठल्याही उपकरणाने, मालकाला न विचारता, राउटरला ‘माझ्यासाठी हा पोर्ट उघड’ असं सांगण्याची मुभा. कॅमेऱ्याचे डीव्हीआर ती हमखास वापरतात.

फोंड्याच्या त्याच दुकानात मी फॉरवर्डिंग काढून, वायरगार्ड बसवून आलो होतो. ऑक्टोबरात वीज पडली, राउटर गेला, इंटरनेटवाल्याचा माणूस नवा लावून गेला. नव्यात वायरगार्डचा पोर्ट उघडलेला नव्हता, साहजिकच मुलीला घरून आत येता येईना. तिने फोन केला, आणि त्या माणसाने झटपट उपाय म्हणून तो संगणक डीएमझेडमध्ये टाकला. डीएमझेड म्हणजे एकही पोर्ट न अडवता सगळंच्या सगळं त्या एका संगणकाकडे. आठवड्याभरात खातं लॉक व्हायला लागलं. मालक मला म्हणाले, ‘अरे, मागच्या खेपेला तूच तर सगळं बंद करून गेला होतास ना?’ त्यांचं बरोबर होतं. मी दुकानातली सेटिंग बदलली होती, पण राउटर बदलल्यावर काय करायचं हे कुणाच्या हातात देऊन आलो नव्हतो.

तेव्हापासून राउटरच्या बाजूला भिंतीवर एक कागद चिकटवतो. राउटर बदलला तर: ॲडमिन पासवर्ड बदला, यूपीएनपी बंद, डीएमझेड बंद, बाहेरून व्यवस्थापन बंद, वायरगार्डचा यूडीपी पोर्ट ५१८२० तेवढा उघडा. खाली मोबाईलवरून तपासायची पद्धत. हा कागद लाईनमनने वाचावा म्हणून मराठीत मोठ्या अक्षरांत.

डीव्हीआरचं थोडक्यात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले ते साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डच्या जोड्या टेलनेटवर आपटून, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर डाइन या कंपनीवर हल्ला झाला तेव्हा ट्विटरसारख्या मोठ्या साइट काही तास बंद पडल्या. तुमच्या डीव्हीआरमध्ये टेलनेट किंवा एसएसएचचा पर्याय दिसला तर बंद करा, आणि त्याला दुकानाच्या संगणकापासून वेगळ्या वायफायवर ठेवा.

व्हीएनसी, म्हणजे दूरच्या संगणकाचा पडदा दाखवणारी सोय, वापरत असाल तर एवढं लक्षात असू द्या: त्याच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठ अक्षरंच धरली जातात. तुम्ही वीस लिहा, उरलेली बारा फुकट. आणि चित्र वाटेत उघडं जातं. ५९०० पोर्ट बाहेर उघडा ठेवू नका, एसएसएचच्या बोगद्यातून न्या.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर या दूरून संगणक चालवण्याच्या ॲपमध्ये धोका वेगळा. दुरुस्तीला आलेला माणूस ‘अनअटेंडेड ॲक्सेस’चा, म्हणजे समोर कुणी नसताना आत येण्याचा, पासवर्ड ठेवून जातो, आणि अनेकदा सगळ्या गिऱ्हाइकांकडे तोच. काम संपलं की तो काढून घ्या, त्याच्यासमोरच.

आधीच कुणी आत आलं असेल तर

‘पासवर्ड बदलला, तरी परत आला’ असं होत असेल तर घुसलेल्याने स्वतःची की-फाईल आत ठेवलेली असते. प्रत्येक खात्याच्या, रूटच्यासुद्धा, ‘ऑथोराइज्ड_कीज’मधली ओळन् ओळ ओळखीची आहे का बघा. काढायला गेलात आणि ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं, रूट असूनही, तर फाईलवर न बदलण्याची खूण लावलेली आहे. ‘एलएसॲटर’ने दिसते, ‘चॅटर -आय’ने निघते. क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी), नवी खाती, सिस्टिमडीच्या अनोळखी सेवा पाहा. पण खरं सांगायचं तर रूटपर्यंत कुणी पोचलं असेल तर साफसफाईवर विसंबू नका. माहिती बाहेर काढा, सर्व्हर नव्याने उभा करा, जुनी कुठलीही की-फाईल वापरू नका.

विंडोजवर फाईली अडकल्या असतील तर संगणक नेटवरून तोडा, बंद करू नका, लॉग जपा. पैशांचा व्यवहार झाला असेल तर ताबडतोब १९३० या सायबर मदतक्रमांकाला फोन, आणि गोव्यात रायबंदरच्या सायबर क्राईम पोलीस ठाण्यात तक्रार. कंपनी असाल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायची असते.

यंदा मेच्या शेवटच्या आठवड्यात फोंड्याच्या दुकानाचा राउटर पुन्हा जळला. मला कुणी बोलावलं नाही. संध्याकाळी त्या मुलीचा निरोप आला. नवा राउटर लावून झाल्यावर तिने भिंतीवरच्या कागदाचा फोटो काढला होता, सेटिंग स्वतः बदलल्या होत्या, मग कदंबा स्टँडवर बसची वाट बघताना मोबाईलच्या डेटावरून, व्हीपीएन बंद ठेवून, दुकानाच्या बाहेरच्या पत्त्यावर रिमोट डेस्कटॉप लावून पाहिला होता. स्क्रीनशॉट जोडला होता. जोडणी झाली नाही, वेळ संपली. त्याखाली दुसरा स्क्रीनशॉट, व्हीपीएन चालू करून: टॅलीची खिडकी, उघडलेली.